भरतीची वाट : कांदळवन कक्षाची वाटचाल

जानेवारी 2012 मध्ये महाराष्ट्र शासनाने वन विभागात एक नवा कक्ष उघडला आणि दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारं जंगल त्याच्या हाती सोपवलं. या जंगलाच्या हद्दीवर दगडी बुरूज टिकत नाहीत. पायी गस्त घालायला वाट नसते, आणि भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय होडी आत जात नाही. तोपर्यंत वन खात्याच्या नोंदींत त्यातला बराचसा भाग जंगल म्हणून आलेलाच नव्हता. महसुलाच्या कागदावर ती पडीक जमीन होती, खाजण होतं. पडीक म्हटलं की भराव घालायला कुणाची हरकत राहत नाही. मुंबईच्या किनाऱ्याचा इतिहास बऱ्याच अंशी याच एका शब्दाच्या आधाराने घडला.

देशात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष काढणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. भारतीय वनसेवेतले एन. वासुदेवन त्याचे पहिले प्रमुख होते. या कक्षाच्या वाटचालीत हजारो रोपांची लागवड आहे, अभयारण्य आहे, न्यायालयाचे निकाल आहेत, खेकडेपालन आहे, समुद्री कासवंही आहेत. पण ती नीट वाचली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कांदळवन परत आणायचं असेल तर झाडं लावणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. भरतीच्या पाण्याची वाट मोकळी करणं आणि त्या जमिनीला जबाबदार मालक मिळवून देणं, ही खरी कामं. दोन्ही झाली की बाकीचं बरंचसं खाडी स्वतः करते.

कक्ष का लागला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. कांदळवनं तुटत होती ती लाकडासाठी कमी आणि जागेसाठी जास्त. मिठी नदीच्या मुखाशी भराव पडला, वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. मालाड, गोराई, दहिसर, ठाणे, वाशी अशा सगळ्या खाड्यांच्या काठांवर डेब्रिजचे ट्रक रिकामे होत राहिले. अपवाद होते. विक्रोळीला गोदरेज समूहाने आपल्या ताब्यातली कांदळवनं 1980च्या दशकापासून अभ्यासपूर्वक जपली, म्हणून पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना आजही तो हिरवा पट्टा दिसतो. पण एकेका मालकाच्या सद्‌बुद्धीवर 720 किलोमीटरचा किनारा राखता येत नाही. 2004 मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. याचिका चालू असतानाच 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठीचं पाणी माणसांच्या घरांत शिरलं, आणि खाडीकाठच्या चिखलाचा शहराशी काय संबंध आहे हे मुंबईने एका रात्रीत अंगावर घेतलं. एवढा पाऊस कुठल्याही कांदळवनाने पूर्णपणे पेलला नसता, हेही खरं. पण पाणी पसरायची जागा आपण बुजवली होती, हे आता कुणी नाकारू शकत नव्हतं.

6 ऑक्टोबर 2005 ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. राज्यभर कांदळवनांची तोड बंद. त्यांच्यावर भराव टाकणं बंद. भोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकाम बंद. उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे तयार करायचे, सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन म्हणून जाहीर करायची, आणि खासगी जमिनीवरची असतील तर तीही वन समजायची. किनाऱ्याच्या इतिहासात इतका मोठा बदल एका आदेशाने क्वचितच केला असेल.

आदेश होता, पण तो राबवणारा हात नव्हता. जमीन जिल्हाधिकाऱ्यांकडे, सिडकोकडे, इतर प्राधिकरणांकडे, मिठागरांच्या नावावर, अशी विखुरलेली. वन खात्याच्या कर्मचाऱ्याला साग ओळखता येई, ऐन ओळखता येई. तिवर, चिप्पी, काजळा, मारांडी, गेवा, किरकिरी या कांदळवनातल्या झाडांची ओळख त्याच्या प्रशिक्षणात कुठे होती? सात वर्षं अधिसूचना, मोजण्या, हस्तांतरणाचे पत्रव्यवहार यांत गेली. आज सरकारी मालकीचं सुमारे 15 हजार हेक्टर कांदळवन राखीव वन म्हणून जाहीर झालेलं आहे. वाचायला रुक्ष वाटणारा हा आकडा मला या सबंध कहाणीतला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यामागे तलाठ्याच्या दप्तरापासून मंत्रालयापर्यंत केलेली कागदांची चिकाटी आहे. तिचं कुणी छायाचित्र काढत नाही.

कक्षाने पहिल्या वर्षांत केलेली कामं त्या जमिनीच्या स्वभावाला धरून होती. मुंबईसाठी वेगळा घटक उभारला, गस्तीच्या होड्या घेतल्या, महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान नाक्यांवर उभे केले, डेब्रिज टाकायला येणाऱ्या गाड्या अडवल्या, अतिक्रमणं हटवली. ट्रक शिरण्याची वाट बंद केली की त्या तुकड्याचा ऱ्हास तिथेच थांबतो, हे अनुभवाने लवकर कळलं.

मग पुनरुज्जीवनाचं काम आलं. इथे थोडं थांबायला हवं.

कांदळवन खारट पाण्यात उभं राहतं म्हणून त्याला खारं पाणी हवंच असतं असं नाही. त्याला येतं-जातं पाणी हवं असतं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर जमिनीतून वर पेन्सिलीसारखी श्वसनमुळं काढते आणि ओहोटीच्या वेळी त्यांतून श्वास घेते. पाणी साचून राहिलं तर ही मुळं बुडून गुदमरतात. पाणी आलंच नाही तर ऊन जमिनीतलं मीठ वर ओढून घेतं आणि माती झाडाच्या सोसण्यापलीकडे खारट होते. एखादा बांध, रस्त्याचा भराव, नळकांडी न ठेवता बांधलेली पाऊलवाट, एवढ्यानेही त्यामागचे कित्येक एकर वर्षा-दोन वर्षांत वाळतात, आणि कुऱ्हाड कुणीच चालवलेली नसते. अशा जागी कितीही रोपं लावली तरी ती मरणारच. तिथे आधी बुजलेले नाले उकरायचे, राडारोडा उचलायचा, भरतीचं पाणी सर्वांत आतल्या टोकापर्यंत पोचतं का आणि ओहोटीला पूर्ण उतरतं का, ते पाहायचं. तमिळनाडूत पिचावरमच्या जंगलात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने 1990च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं. जुन्या तोडीमुळे खचलेल्या, पाणी साचलेल्या जमिनीत त्यांनी माशाच्या काट्यासारखे चर खणले, भरतीला आत-बाहेर करू दिलं, आणि जिथे झाड उगवत नव्हतं तिथे रान उभं राहिलं.

पाणी खेळू लागलं की बियांची अडचण फारशी राहत नाही. कांदळ या जातीचं बी झाडावरच रुजतं. हिरव्या शेंगेसारखा लांब कोंब लोंबत राहतो, पिकला की सुटतो, चिखलात सरळ रुततो किंवा पाण्यावर तरंगत दुसरी जागा शोधतो. तिवरीच्या बिया पावसाळ्यात लाटांबरोबर ढिगांनी काठाला लागतात. कक्षाच्या रोपवाटिका भरतीच्या पट्ट्यातच असतात. पिशवीतल्या रोपाला पहिल्या दिवसापासून खाऱ्या पाण्याची सवय लागते. पण कुठल्या पट्ट्यात काय लावायचं, हे चुकलं की सगळं वाया. पाण्याकडच्या ओळीत चिप्पी आणि तिवर टिकतात, कांदळाला खाडीच्या आतला निवारा मानवतो, गेवा जमिनीच्या अंगाला बरा. ही उतरंड खाडीनेच ठरवलेली असते. महाराष्ट्रात कांदळवनाच्या सुमारे वीस जाती आहेत. सोपी पडते म्हणून सगळीकडे एकच जात लावत सुटलं तर जे उभं राहतं ते लागवड क्षेत्र असतं. त्याला कांदळवन म्हणायला माझी जीभ वळत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. असा मान देणारं हे पहिलंच राज्य. ताम्हण, शेकरू, हरियाल यांच्या पंगतीत चिखलातलं एक झाड बसलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

आकडे काय सांगतात? भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2015च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन 222 चौरस किलोमीटर होतं. 2017 मध्ये 304, 2019 मध्ये 320, 2021 मध्ये 324 आणि 2023 मध्ये सुमारे 315. शेवटची घट सोडली तर देशात इतर राज्यांनी हेवा करावा अशी ही चढण आहे, आणि तिचं श्रेय कक्षाला आणि न्यायालयाला द्यायलाच हवं. पण दोन वर्षांत 82 चौरस किलोमीटर जंगल उगवत नसतं. उपग्रहाची चित्रं अधिक बारकाईने वाचली गेली, पूर्वी निसटलेले पट्टे मोजणीत आले, हाही त्यात भाग आहे. शिवाय वाढ सगळीकडे चांगलीच असते, असंही नाही. ठाणे खाडी गाळाने उथळ होत गेली, तसतशी तिवर त्या गाळावर पुढे सरकत राहिली. मधला उघडा चिखलपट्टा आकसला. नकाशावर हिरवा रंग वाढला, पण तो उघडा चिखल कुणाचं तरी ताट होतं.

ते ताट रोहित पक्ष्यांचं. 1990च्या दशकापासून शिवडी आणि ठाणे खाडीत ते मोठ्या संख्येने येऊ लागले. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खायला. हिवाळ्यात येतात, उन्हाळा संपेपर्यंत राहतात. 6 ऑगस्ट 2015 ला ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा 1,690 हेक्टरचा भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातलं 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण झाडांइतकंच उघड्या पाण्याला आणि चिखलाला तिने संरक्षण दिलं. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र झालं, तिथून होडीतून खाडी पाहता येऊ लागली. ज्या खाडीला शहर गटार म्हणून ओळखत होतं, तिच्याकडे शाळेची मुलं तिकीट काढून येऊ लागली. 2022 मध्ये ठाणे खाडीचं नाव रामसर यादीत गेलं; नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं हे तिसरं नाव, तेही दोन-अडीच कोटी माणसांच्या महानगराच्या कुशीतलं.

मुंबईत कक्षाचं काम राखणदाराचं होतं. कोकणात उतरल्यावर मात्र त्याला वेगळंच काही शिकावं लागलं. तिथल्या खाडीकाठचा माणूस कांदळवनाचा शत्रू नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथे निवटी पकडत होता, कालवं काढत होता, जळणाला चार फांद्या नेत होता. त्याला नुसतं 'हात लावू नकोस' म्हणून सांगणं अन्यायाचं झालं असतं आणि निष्फळही. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालू झाला, तेव्हा प्रश्नाची मांडणीच बदलली. हे जंगल उभं असल्यामुळे गावाला काय मिळू शकतं?

मिळू शकतं ते पुष्कळ. कोळंबीची, खेकड्यांची, कित्येक माशांची पिल्लं याच मुळांच्या जाळ्यात वाढतात. दर्यात जे जाळ्याला लागतं त्यातल्या बऱ्याच मासळीचं बालपण इथलं. उधाणाच्या लाटा या झाडांच्या गर्दीत शिरल्या की त्यांचा जोर मोडतो, काठ कातरला जात नाही. चिखल कार्बन धरून ठेवतो. अभ्यासक याला परिसंस्थेच्या सेवा म्हणतात. या सेवांची अडचण अशी की त्यांचा लाभ सगळ्यांना होतो आणि राखणीचा भार थोड्यांवर पडतो. ट्रॉलरवाल्याला मासळी मिळते, शहराचा पूर अडतो, आणि खाडीकाठची बाई जळणाला मुकते.

20 सप्टेंबर 2017 च्या शासन निर्णयाने आलेली 'कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना' हे या अडचणीला दिलेलं उत्तर होतं. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती स्थापायची, गावालगतच्या कांदळवनाची राखण तिने करायची, आणि त्या बदल्यात गटांना खेकडेपालन, कालवंपालन, शिणाण्यांची शेती, पिंजऱ्यात जिताडा वाढवणं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा उद्योगांना मदत. सामूहिक प्रकल्पाचा नव्वद टक्के खर्च शासनाचा, दहा टक्के गटाचा; वैयक्तिक असेल तर पंचाहत्तर आणि पंचवीस. हा दहा टक्क्यांचा आग्रह योग्यच होता. फुकट मिळालेल्या जाळ्याला कुणी ठिगळ लावत नाही.

योजनेतला खेकड्यांचा भाग मला विशेष भावतो. चिखलातली चिंबोरी, मालवणीतली कुर्ली, कांदळवनाच्या सावलीतच खुलते. झाडं न तोडता त्यांच्यामध्येच जाळीचं कुंपण घालायचं, भरतीचं पाणी आत-बाहेर होऊ द्यायचं, पिल्लं सोडायची, बारीक मासळी घालायची, काही महिने राखण करायची. झाड गेलं तर सावली गेली, सावली गेली तर खेकडा गेला. राखणीचं कारण व्यवसायाच्या आतच बसलेलं आहे. त्यासाठी वेगळं प्रबोधन लागत नाही. अडचणी अर्थात आहेतच. पिल्लांसाठी बराच काळ तमिळनाडूतल्या उबवणी केंद्राकडे पाहावं लागलं. वाटेत मर होते, आणि खेकडे एकमेकांना खातात. अनुदान पहिल्या हंगामाला हात देतं. तिसऱ्या-चौथ्या हंगामाला गट टिकला का, यावर यश मोजायला हवं.

वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचतगटाने 2017 च्या सुमारास कांदळवन सफर सुरू केली. बायका स्वतः होडी वल्हवतात, पाहुण्यांना झाडं दाखवतात, पक्ष्यांची नावं सांगतात. मासळीच्या व्यवहारात बायकांचा वाटा नेहमीच मोठा असतो, पण होडीचं वल्हं सहसा पुरुषाच्या हाती. इथे ते बायकांच्या हाती आलं आणि खाडीची माहिती हीच मिळकत झाली. शासकीय योजनांच्या अहवालांत अशा गोष्टी 'यशोगाथा' या मथळ्याखाली दोन ओळींत आटोपतात. त्या बायकांनी गावातल्या टोमण्यांना आणि सुरुवातीच्या रिकाम्या होड्यांना तोंड देऊन हे उभं केलं असणार, हे मात्र त्या ओळींत कुठेच येत नाही.

दरम्यान 2015 मध्ये कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यामुळे संशोधनाला, उपजीविकेला, जनजागृतीला अर्थसंकल्पाच्या वार्षिक चक्राबाहेर निधी मिळू लागला. कक्षाची नजर खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात गेली. जाळ्यात अडकलेला देवमासा, डॉल्फिन किंवा कासव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना डिसेंबर 2018 मध्ये आली. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं गेलं, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कासवाचा प्रवास पहिल्यांदाच नकाशावर उमटला.

17 सप्टेंबर 2018 ला न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाझ छागला यांच्या खंडपीठाने मूळ याचिकेचा अंतिम निकाल दिला. कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राज्य या जंगलाचं विश्वस्त आहे. आणि जिथे नाश झाला तिथे ते पूर्ववत करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. तिसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. गेलेलं गेलं, उरलेलं राखू, असं म्हणायची पळवाट त्याने बंद केली.

सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांना न्यायालयाच्या परवानगीने वाट मात्र राहिली, आणि कक्षाची खरी कसोटी तिथे लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ठाणे खाडी ओलांडणार आहे ती सात किलोमीटरच्या बोगद्यातून, खाडीच्या तळाखालून. अभयारण्याला धक्का लागू नये हा त्यामागचा एक विचार. ठाणे स्थानकाचा आराखडाही बदलला गेला. तरीसुद्धा सुमारे वीस हजार झाडं तोडायची परवानगी न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये दिली. तोडीच्या बदल्यात कित्येक पट लागवडीची अट असते. पण ती लागवड कुठे करायची? भरती खेळते आणि झाड तगू शकतं अशा बहुतेक जागी कांदळवन आधीच आहे. मोकळी दिसते ती जागा अनेकदा पक्ष्यांचा चिखलपट्टा असते. म्हणून भरपाईचा पैसा नव्या रोपांपेक्षा बुजलेल्या नाल्यांवर, अडलेल्या पाण्यावर खर्च व्हावा, असं मला ठामपणे वाटतं. 2024 मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी पुरेसं येईनासं झालं, तळं सुकलं, त्यावर शेवाळ माजलं आणि तिथे उतरणाऱ्या रोहितांवर संकट आलं. तिथे एकही रोप लावायची गरज नव्हती. पाणी आत येऊ देणं पुरेसं होतं.

आणि एक प्रश्न असा, ज्यावर कक्षाच्या यशाची सावलीच पडलेली आहे. अलिबाग आणि पेण भागात खारजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकला तो खारबंदिस्तीच्या जोरावर. बांध आणि त्यांतल्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, गावांनी सांभाळली. पुढे ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात शासनाच्या खारभूमी विभागाकडे गेली. बांधांची डागडुजी वेळेवर झाली नाही, उधाणाला खांडी पडल्या, खारं पाणी शेतात शिरलं आणि काही वर्षांत तिथे तिवर आपोआप उगवली. न्यायालयाच्या आदेशामुळे आता ती काढता येत नाही. नकाशावर त्या शेताची भर कांदळवनाच्या वाढीत पडते. शेतकऱ्याच्या घरात मात्र तांदूळ विकत येतो. त्याने झाड तोडलं नाही, भराव घातला नाही, तरी जमीन त्याच्या हातून गेली.

ही झाडं उपटावीत असं मी म्हणणार नाही. तिथे आता मासळीची पैदास होते, मागच्या वस्तीला लाटांपासून आडोसा मिळतो. पण त्या सेवा ज्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत, त्याला त्यांचा मोबदला मिळायला हवा. 2023 मध्ये केंद्राने 'मिष्टी' ही योजना आणली. देशभरात 540 चौरस किलोमीटरवर कांदळवनं वाढवायचं आणि त्यातून किनाऱ्यावरच्या लोकांना उत्पन्न मिळवून द्यायचं तिचं उद्दिष्ट आहे. नव्या लागवडीसाठी एवढा निधी उभा राहतो, तर आपसूक उगवलेल्या जंगलाच्या मालकाला वार्षिक मोबदला का देऊ नये? किंवा रीतसर संपादन का करू नये? हे ठरवण्याचा अधिकार कांदळवन कक्षाला एकट्याला नाही. वन, महसूल आणि खारभूमी या तिन्ही खात्यांनी एकत्र बसून ते ठरवायचं आहे, आणि त्या बैठकीत ज्यांच्या शेतात तिवर उगवली ते शेतकरी हजर असले पाहिजेत.